मदतनिसांचा मान
दुखरा दात काढणारा वैद्य आपल्याला आठवतो. दात किडूच नये म्हणून झटणाऱ्याचे नाव आपण विचारीत नाही. अमेरिकेत मात्र या दुसऱ्या कामाचाही गौरव झाला. कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्टचे दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ साली आपली मदतनीस आयरीन न्यूमन हिला दात स्वच्छ करण्याचे शिक्षण दिले. १९१३ साली त्यांनी या विद्येची पहिली शाळा काढली. तिच्यातून बाहेर पडलेल्या कितीतरी जणी गावच्या शाळांतून मुलांचे दात राखू लागल्या. पुढे १९५८ साली या शाखेतील गुणवंत विद्यार्थ्यांसाठी 'सिग्मा फाय अल्फा' ही मानाची संस्था निघाली.

तिची कसोटी तिहेरी आहे : विद्या, सेवा आणि शील. नुसते परीक्षेतले गुण पुरत नाहीत, यातच आम्हांला खरे मर्म दिसते. रुग्ण तोंड उघडून बसतो तो विश्वासाने; आत काय झाले हे त्याला दिसत नाही. जे काम कोणी पारखून घेऊ शकत नाही, ते चोख करायला विद्येइतकेच शीलही लागते. मदतनिसाच्या कामाला पन्नास वर्षांत मान मिळाला, तो या शिलाचाही आहे.