इस्नाद-परीक्षा : लखनौची परंपरा

पैगंबर मुहंमद यांची उक्ती, कृती किंवा मूक संमती यांविषयीची परंपरेने आलेली वार्ता म्हणजे हदीस. तिचा मजकूर तो मतन, आणि हा मजकूर कोणी कोणाकडून ऐकला हे सांगणारी नावांची साखळी ती इस्नाद. साखळीतील प्रत्येक निवेदकाला रावी म्हणतात. इब्न अस्-सलाह (मृ. १२४५) यांनी स्थिर केलेल्या व्याख्येनुसार हदीस ‘सहीह’ ठरण्यासाठी पाच अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. साखळी कुठे तुटलेली नसावी, प्रत्येक रावी सचोटीचा असावा, त्याची स्मरणशक्ती किंवा त्याचे लेखी टिपण भरवशाचे असावे, वार्ता अधिक विश्वासू रावींच्या विरोधात जाणारी नसावी आणि तिच्यात छुपा दोष नसावा. या कसोटीला थोडी कमी पडणारी हदीस ‘हसन’, बरीच कमी पडणारी ‘जईफ’ आणि रचलेली ती ‘मौजू’. रावींचे दोष दाखवणे म्हणजे जर्ह आणि त्यांची विश्वासार्हता सांगणे म्हणजे तादील. या शास्त्रातला खरा पेच असा की रावीवरचा निकालही अखेर कोणीतरी दिलेली साक्षच असते. तिची तपासणी कोणी आणि कशी करायची, या प्रश्नाला एकोणिसाव्या शतकात सर्वांत नेटके उत्तर लखनौच्या फिरंगी महालातून मिळाले. मौलाना अब्दुल हय लखनवी (१८४८–८६) यांचे ‘अर्-रफ वत्-तकमील’ हे ते उत्तर होय.

पेच किती खोल आहे हे बुखारींच्या संग्रहातील अगदी पहिल्या हदीसवरून दिसते. कर्माचे मोल हेतूवर ठरते, असा तिचा आशय आहे. बुखारींनी ती हुमैदींकडून घेतली, हुमैदींनी सुफयान बिन उयैना यांच्याकडून, त्यांनी याह्या बिन सईद अल्-अन्सारी यांच्याकडून, त्यांनी मुहंमद बिन इब्राहीम अत्-तैमी यांच्याकडून, त्यांनी अल्कमा बिन वक्कास यांच्याकडून आणि अल्कमांनी खलीफा उमर यांच्याकडून. उमर यांनी ती मिंबरवरून, म्हणजे भर सभेत सांगितली असे वार्तेतच म्हटले आहे. तरी विश्वसनीय मार्गाने ती उमर यांच्याकडून एकट्या अल्कमांनी सांगितली, अल्कमांकडून एकट्या तैमींनी आणि तैमींकडून एकट्या याह्यांनी. याह्यांनंतर मात्र ती असंख्य तोंडी झाली. म्हणजे मुस्लिम समाजातील सर्वांत परिचित हदीसांपैकी एक हदीस चार पिढ्या एकेका माणसाच्या आधारावर उभी आहे. तिला सहीह म्हणायचे ते त्या एकेका माणसावरच्या विश्वासामुळे, आणि तो विश्वास आपल्यापर्यंत येतो तो रिजाल-ग्रंथांतील, म्हणजे रावींच्या चरित्रकोशांतील, एकदोन शब्दांच्या शेऱ्यांतून. शेरा चुकीचा वाचला की साखळीचा निकालही चुकतो.

हा प्रश्न लखनौत, आणि तोही फिरंगी महालात, इतक्या काटेकोरपणे हाताळला जावा हे वरवर पाहता अनपेक्षित आहे. चौकातील ही वास्तू मूळची एका युरोपीय व्यापाऱ्याची. सिहालीचे मुल्ला कुत्बुद्दीन यांची १६९१ च्या सुमारास हत्या झाल्यावर औरंगजेबाने ती त्यांच्या कुटुंबाला दिली. त्यांचे पुत्र मुल्ला निजामुद्दीन (मृ. १७४८) यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘दर्स-ए-निजामी’ हा अभ्यासक्रम इथे आकाराला आला. त्यात तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राची मूलतत्त्वे यांना मोठे स्थान होते आणि हदीसला बेताचेच. हदीसचे पीठ म्हणून नाव होते ते दिल्लीच्या शाह वलीउल्लाह (१७०३–६२) यांच्या घराण्याचे. तरीही माझ्या मते अब्दुल हय यांना या तर्कप्रधान शिक्षणाचा लाभच झाला. शब्दाचा व्याप कुठवर जातो, एका विधानातून दुसरे निघते की नाही, नकाराचा नेमका अर्थ काय, हे प्रश्न ते तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या शिस्तीने विचारतात. त्यांचा जन्म बांद्याचा, आणि चाळिशीही न गाठता लखनौत त्यांचे निधन झाले. एवढ्या आयुष्यात त्यांनी शंभरावर लहानमोठे ग्रंथ लिहिले, त्यांतील बरेच अरबीत.

‘अर्-रफ वत्-तकमील’चा मुख्य नियम असा : रावीवरचा आक्षेप कारणासह असेल तरच विचारात घ्यावा, ज्याची सचोटी इतरांनी मान्य केली आहे त्याच्यावरचा मोघम आक्षेप स्वीकारू नये. नियम त्यांचा स्वतःचा नव्हे, जुन्या आचार्यांचाच. पण त्याची गरज पटवणारे दाखले त्यांनी एकत्र आणून ठेवले. शुबा हे दुसऱ्या हिजरी शतकातले मोठे परीक्षक. एका रावीला का सोडलेत, असे त्यांना विचारले तेव्हा तो ओझ्याचे घोडे भरधाव पिटाळताना दिसला, एवढेच कारण त्यांनी दिले. कारण उच्चारले गेले म्हणून त्याचा हलकेपणा कळला. नुसता ‘त्याज्य’ हा शब्द ग्रंथात उतरला असता, तर पुढच्या पिढ्यांनी त्या माणसाला खोटारडा मानले असते. समकालीनांच्या वैराचेही तसेच. मालिक यांनी चरित्रकार इब्न इसहाक यांच्याविषयी, किंवा नसाई यांनी इजिप्तच्या अहमद बिन सालिह यांच्याविषयी काढलेले कठोर उद्गार त्यांच्या आपसांतील कटुतेपासून वेगळे काढून वाचता येत नाहीत. शिवाय प्रत्येक परीक्षकाची भाषा वेगळी. इब्न मईन एखाद्याला ‘हरकत नाही’ म्हणतात तेव्हा त्यांच्या लेखी तो पूर्ण विश्वासार्ह असतो, आणि ‘काहीच नाही’ म्हणतात तेव्हा कधी कधी त्याच्या हदीस थोड्या आहेत एवढेच त्यांना सांगायचे असते. बुखारी ‘याच्याबाबत विचार करावा लागेल’ असे सौम्यपणे म्हणतात, पण त्यांचा तो जवळजवळ सर्वांत कडक शेरा मानला जातो. इब्न अदी यांचे ‘अल्-कामिल’ आणि जहबी (मृ. १३४८) यांचे ‘मीझान अल्-इतिदाल’ या ग्रंथांत ज्याच्यावर कोणी जरासा आक्षेप घेतला त्यालाही जागा आहे, तेव्हा तिथे नाव आढळले म्हणून रावी बाद होत नाही. आणि एखाद्या वार्तेला ‘सहीह नाही’ म्हटले म्हणून ती बनावट ठरत नाही, ती हसनही असू शकते. हा शेवटचा भेद फारच महत्त्वाचा आहे, कारण घाईच्या वादात तो सर्वांत आधी पुसला जातो.

यावर पहिला आक्षेप हेतूचा. अब्दुल हय हनफी होते आणि इमाम अबू हनीफा यांच्यावर जुन्या हदीस-परीक्षकांनी बरीच टीका केलेली आहे; मग मोघम आक्षेप फेटाळण्याचा नियम आपल्या इमामाला वाचवण्यासाठीच उचलला नसेल कशावरून? हेतू होता हे मान्य करायला हवे. ‘मीझान’च्या काही प्रतींत अबू हनीफांवर प्रतिकूल नोंद सापडते. ती मागाहून घुसवलेली आहे, असे अब्दुल हय यांनी मांडले. पण त्यामागे श्रद्धेबरोबर पुरावाही आहे : ती नोंद सर्व प्रतींत नाही, आणि ज्यांच्या मताचे लोक अनुसरण करतात त्या इमामांना या ग्रंथात घेणार नाही, असे जहबी प्रस्तावनेतच सांगतात. याहून बोलका पुरावा त्यांच्या इतर लेखनात आहे. ज्यांच्या आधारे फतवे दिले जातात अशा नामांकित हनफी ग्रंथांतही निराधार हदीस भरलेल्या आहेत, हे त्यांनी स्वच्छ लिहिले. फिक्हमधला, म्हणजे धर्मविधिशास्त्रातला, अधिकार आणि हदीसमधला अधिकार एक नव्हे, असे बजावले. ‘अल्-आसार अल्-मर्फूआ’ या ग्रंथात विशिष्ट दिवशी आणि विशिष्ट रात्री करायच्या खास नमाजांच्या हदीस त्यांनी मौजू ठरवल्या. त्यांतील कितीतरी सुफी भक्तिग्रंथांत रुळलेल्या होत्या, आणि फिरंगी महाल तर सुफी परंपरेशी घट्ट बांधलेला. आपल्याच घरात चालत आलेली सामग्री जो अशी बाजूला काढतो, त्याचा नियम केवळ सोयीचा होता असे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की इतकी सूट दिली तर कुठलाही रावी वाचवता येईल. प्रत्यक्षात हा नियम परीक्षकाचे काम वाढवतो. कोण बोलले, कोणत्या अर्थाने, समकालीन होते का, कारण काय दिले, हे सगळे पाहिल्यावाचून निकाल देता येत नाही. भोपाळचे नवाब सिद्दीक हसन खान (१८३२–९०) यांच्याशी झालेल्या वादात हीच कडक बाजू दिसते. नवाब अहले-हदीस पंथाचे अग्रणी. त्यांच्या चरित्रग्रंथांत विद्वानांच्या मृत्यूची वर्षे चुकली आहेत आणि एकाच माणसाची वर्षे दोन ठिकाणी दोन पडली आहेत, हे अब्दुल हय यांनी ‘इब्राज अल्-गय’ या पुस्तकात यादीवार दाखवले. वाचणाऱ्याला हा किरकोळ खोडसाळपणा वाटू शकतो. पण गुरू वारला त्या वर्षी शिष्य जन्मला तरी होता का, या एका प्रश्नावर अख्खी साखळी तुटते किंवा टिकते. तारखांबाबत ढिलाई करणारा लेखक इस्नाद-परीक्षेचे मूळ हत्यारच बोथट करतो, हा त्यांचा राग मला रास्त वाटतो.

लखनौ हे शिया विद्येचेही मोठे केंद्र असल्याने या शास्त्राला इथे आणखी एक कसोटी लागली. इराकात शिकून आलेल्या सय्यद दिलदार अली नसीराबादी (मृ. १८२०) यांनी अवधमध्ये उसूली मत रुजवले. चार प्रमुख शिया संग्रहांतील वार्ता सरसकट ग्राह्य मानाव्यात ही अखबारी भूमिका. प्रत्येक साखळी तपासावी ही उसूलींची. शिया वर्गीकरणात सहीह, हसन आणि जईफ यांच्याबरोबर ‘मुवस्सक’ असा वर्ग आहे : रावी इमामी पंथाचा नाही पण बोलण्यात विश्वासू आहे, त्याची हदीस. पुढे मीर हामिद हुसैन (१८३०–८८) यांनी शाह अब्दुल अजीज देहलवी यांच्या ‘तुहफा’ या शियाविरोधी ग्रंथाला उत्तर म्हणून फारसीत ‘अबकात अल्-अनवार’ लिहायला घेतला. गदीरची हदीस, म्हणजे गदीर खुम्म येथे पैगंबरांनी अलींविषयी काढलेल्या उद्गारांची वार्ता, सिद्ध करताना ते सुन्नी रावी आणि ग्रंथकार शतकवार मांडतात, आणि त्या प्रत्येकाची विश्वासार्हता सुन्नी रिजाल-ग्रंथांतूनच दाखवतात. प्रतिपक्षाची साक्ष प्रतिपक्षाच्याच नियमांनी तपासणे शक्य झाले, याचा अर्थ हे नियम एका पंथाच्या आवडीनिवडीपलीकडे काही प्रमाणात तरी चालतात. निष्कर्ष मात्र जुळले नाहीत, कारण शब्द कोणाचे ते ठरले तरी त्यांचा अर्थ काय यावरचा वाद इस्नाद सोडवू शकत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप परंपरेबाहेरचा आहे. जोसेफ शाख्त यांनी १९५० मध्ये मांडले की साखळ्या काळाच्या उलट दिशेने वाढत गेल्या; नंतरच्या मतांना आधी ताबिईन (सहाबींनंतरची पिढी), मग सहाबी (पैगंबरांचे सोबती), मग पैगंबर यांची नावे जोडली गेली, आणि अनेक साखळ्या ज्या एका रावीपाशी येऊन मिळतात तिथे वार्तेचा खरा उगम शोधावा. हा निकष वर दिलेल्या हदीसला लावला तर बोट याह्या बिन सईद यांच्यावर येते. मुहद्दिसांनाही, म्हणजे हदीसच्या पंडितांनाही, तो सांधा पक्का ठाऊक होता, त्यांनी तो लपवला नाही. ‘गरीब’, म्हणजे एकट्या रावीच्या आधारावरची, अशी तिची नोंद त्यांनीच करून ठेवली. तुटक्या साखळ्या तुटक्या म्हणून आणि दुबळ्या दुबळ्या म्हणून जपणारी परंपरा सगळीच रचलेली असेल, हे पटत नाही. हाराल्ड मोत्स्की यांनी अब्दुर्रज्जाक यांच्या ‘मुसन्नफ’ या जुन्या हदीस-संग्रहाच्या अभ्यासातून शाख्त यांच्या सरसकट संशयाला छेद दिला. तरी एक मर्यादा उरतेच. रावींविषयीची माहिती ज्या ग्रंथांत आहे ते बहुतेक तिसऱ्या हिजरी शतकापासूनचे, आणि त्यांच्या मागे जायला अब्दुल हय यांच्या नियमांत वाट नाही. लखनौच्या नदवतुल उलमा या संस्थेशी निगडित असलेले शिबली नुमानी (१८५७–१९१४) यांनी ‘सीरत-उन्-नबी’च्या प्रस्तावनेत रावींच्या परीक्षेबरोबर दिरायत, म्हणजे मजकुराची बुद्धीने केलेली छाननी, यावर भर दिला तो याच उणिवेच्या जाणिवेने. अब्दुल हय यांनाही साखळी शुद्ध म्हणून मजकूर शुद्ध ठरत नाही हे मान्य होते, पण त्यांची मेहनत साखळीवरच राहिली.

त्यांच्या निधनानंतर हिंदुस्थानात त्यांची ओळख मुख्यतः फिक्हचे पंडित म्हणून राहिली. अलेप्पोचे अब्दुल फत्ताह अबू गुद्दा (१९१७–९७) यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘अर्-रफ वत्-तकमील’, ‘अल्-अज्विबा अल्-फाजिला’ आणि ‘जफर अल्-अमानी’ हे ग्रंथ विस्तृत टिपांसह संपादित केले, आणि जर्ह-तादीलच्या अभ्यासात ते अरब देशांतही वापरले जाऊ लागले. ‘अबकात’चे काम मीर हामिद हुसैन यांच्यामागे त्यांचे पुत्र नासिर हुसैन यांनी चालू ठेवले; घराण्याचा ग्रंथसंग्रह लखनौत नासिरिया ग्रंथालय या नावाने ओळखला जातो.