राज्यशास्त्राचा पहिला धडा

कोणत्याही शास्त्राचा पहिला धडा विद्यार्थ्यास बहुधा रुक्ष वाटतो. भूमितीत बिंदू व रेषा यांच्या व्याख्या असतात, व्याकरणात वर्णांची स्थाने असतात, आणि राज्यशास्त्रात राज्याची चार अंगे असतात. लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था आणि सार्वभौमत्व ही ती चार अंगे होत. महाविद्यालयात हे शास्त्र नव्याने घेणारा विद्यार्थी आरंभीच ती पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि पुढे बहुधा विसरून जातो. बिंदूची व्याख्या विसरल्याने कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु या चार शब्दांची गोष्ट निराळी आहे. आपल्या देशात हा धडा गिरविणाऱ्या पिढ्यांपैकी काही पारतंत्र्यात वाढल्या, काही स्वातंत्र्यात. धड्याचे शब्द तेच राहिले. अर्थ मात्र समूळ पालटला. तो कसा पालटला हे पाहणे आम्हांस उद्बोधक वाटते. कारण आजच्या विद्यार्थ्याने हा धडा कोणत्या दृष्टीने वाचावा, हेही त्यावरून कळून येईल.

पाश्चात्त्य देशांतही स्वतंत्र अध्यापनविषय म्हणून हे शास्त्र फार जुने नव्हे. प्रशियाकडून झालेल्या पराभवानंतर १८७२ साली पॅरिस येथे एमिल बुतमी याने राज्यशास्त्राची स्वतंत्र पाठशाला काढली; राष्ट्र हरले ते राज्यकर्त्या वर्गाच्या अज्ञानामुळे, अशी तिच्या मुळाशी खंत होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १८८० साली बर्जेस याने राज्यशास्त्राची शाखा उघडली, आणि लंडनची अर्थशास्त्र व राज्यशास्त्र यांची प्रख्यात संस्था १८९५ साली निघाली. पुढे प्रवेशिकेच्या तोडीची क्रमिक पुस्तके आली. लीकॉकचे १९०६ साली, गार्नर व गेटेल यांची १९१० साली, आणि बंगालमध्ये अध्यापन केलेल्या गिलख्रिस्टचे १९२१ साली. या मंडळींच्या विवेचनात चार अंगांची ही मांडणी कमीअधिक फरकाने आढळते. पुढे १९३३ साली मॉन्टेव्हिडिओ येथे झालेल्या करारात राज्याची लक्षणे नमूद केली गेली, तीही चारच. फक्त चौथ्या स्थानी इतर राज्यांशी संबंध जोडण्याची पात्रता घातलेली आहे.

हे बहुतेक ग्रंथकार स्वतंत्र देशांत वाढलेले होते. सार्वभौमत्व त्यांस श्वासासारखे होते. ते असतेच, त्याची केवळ व्याख्या करावयाची असते. हाच ग्रंथ जेव्हा परतंत्र देशातील वर्गात उघडला जाई, तेव्हा काय होत असेल याची वाचकांनी कल्पना करावी. विद्यार्थी हिशेब मांडी. लोकसंख्या? कोट्यवधी. भूप्रदेश? हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंत. शासनसंस्था? ती तर गावच्या पाटलापासून व्हाइसरॉयपर्यंत पसरलेली. आणि सार्वभौमत्व? येथे बोट अडे. ते लंडनमध्ये, पार्लमेंटसहित राजाच्या ठायी. म्हणजे ज्या शास्त्राचा तो अभ्यास करीत होता, त्या शास्त्राच्या पहिल्याच कसोटीस त्याचा देश उतरत नव्हता. हे सांगण्यास कोणा पुढाऱ्याचे व्याख्यान लागत नव्हते. सरकारमान्य अभ्यासक्रमातील पुस्तकच ते सांगत होते.

त्यात आणखी एक विसंगती होती. हाच हिंदुस्थान १९२० साली स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाचा मूळ सभासद होता आणि १९४५ साली सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर त्याच्याही प्रतिनिधींच्या सह्या झाल्या. जगाच्या सभेत ज्यास आसन आहे, त्यास घरात अधिकार नाही, हा प्रकार चार अंगांच्या चौकटीत कोठे बसवावयाचा? पाठ्यपुस्तके अशा वेळी 'अपवाद' असा शेरा मारून पुढे जात. परंतु ज्या देशातील पस्तीस कोटी माणसे अपवादात मोडतात, तेथील विद्यार्थ्यास नियमाविषयीच शंका आल्यास नवल नव्हे.

या शंकेचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या वऱ्हाडात सापडते. कायद्याने असलेले सार्वभौमत्व आणि प्रत्यक्षात चालणारे सार्वभौमत्व, असा एक भेद या शास्त्राच्या आरंभीच शिकविला जातो. ग्रंथकार त्यासाठी यूरोपातील राज्यक्रांत्यांचे दाखले देतात. पण अमरावतीस १९२३ साली निघालेल्या किंग एडवर्ड महाविद्यालयाच्या दारात उभे राहिले असते, तर तो भेद पायाखालच्या मातीतच दिसला असता. डलहौसीच्या कारकीर्दीत, १८५३ साली, निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिले. १९०२ साली कर्झनने वर्षाकाठी पंचवीस लक्ष रुपयांच्या मोबदल्यात ते कायमच्या पट्ट्याने घेतले, आणि पुढील वर्षी ते मध्यप्रांतास जोडले. कलेक्टर इंग्रजांचा, पोलीस इंग्रजांचा, सारा इंग्रजांच्या तिजोरीत. परंतु कागदोपत्री भूमी निजामाची. यातून निघालेली परिणती तर विलक्षणच. मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर नागपूरच्या कायदेमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी बसू लागले. पण वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नसल्यामुळे, तेथील मतदारांनी मते देऊन निवडलेली माणसे कायद्याच्या भाषेत निवडलेली न ठरता गव्हर्नराने नेमलेली ठरत!

निजामाने १९२५ साली वऱ्हाडचा प्रश्न पुन्हा उकरून काढला आणि परराष्ट्रव्यवहार वगळता आपण आपल्या राज्यात इंग्रज सरकारइतकेच स्वतंत्र आहोत, असा दावा मांडला. त्यास व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी २७ मार्च १९२६ रोजी जे उत्तर पाठविले, ते सार्वभौमत्वाच्या प्रकरणास टीप म्हणून जोडावे असेच आहे. हिंदुस्थानात ब्रिटिश राजमुकुटाचे सार्वभौमत्व सर्वश्रेष्ठ असून कोणाही संस्थानिकास त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. तरीही पुढे १९३६ साली वऱ्हाडवरील निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व मान्य करण्यात आले आणि त्याच्या युवराजास वऱ्हाडच्या नावाची पदवी मिळाली. या साऱ्या उलाढालीत वऱ्हाडच्या लोकांस कोणी काय विचारले? चार अंगांपैकी भूप्रदेश, शासन व सार्वभौमत्व या तिघांवर दरबारी खलिते लिहिले गेले. पहिल्या अंगाचा, म्हणजे लोकांचा, त्यात संबंध आला तो केवळ शिरगणतीपुरता.

या व्याख्येविरुद्ध तात्त्विक तक्रारही होतीच, आणि गंमत अशी की तिचा पुरावा हिंदुस्थानातलाच होता. ऑस्टिनने १८३२ साली असे प्रतिपादिले होते की, ज्याची आज्ञा समाज सवयीने पाळतो व जो स्वतः कोणाची आज्ञा पाळीत नाही, असा निश्चित मानवी वरिष्ठ हाच सार्वभौम. सर हेन्री मेन हे १८६२ पासून सात वर्षे व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेमंत्री होते. त्यांनी १८७५ च्या आपल्या ग्रंथात ऑस्टिनपुढे पंजाबचा रणजितसिंह उभा केला. हा राजा वाटेल त्याचे शिर उतरवू शके; परंतु ऑस्टिनच्या अर्थाने कायदा म्हणता येईल अशी एकही आज्ञा त्याने कधी काढली नसेल. त्याच्या प्रजेचे जीवन चाले ते गावोगावच्या रूढींवर, आणि त्या रूढींना हात लावण्याचे त्याच्या मनातही आले नसते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात एक हिंदी राजा येतो तो असा, इंग्रज पंडिताचा सिद्धांत खोडून काढण्यासाठी!

आमच्या जुन्या शास्त्रकारांनी राज्याची अंगे मोजली ती चार नव्हेत, सात. स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. कौटिल्याचे अर्थशास्त्र म्हैसूरच्या शामशास्त्री यांनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केले तेव्हापासून, आणि पुढे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा तिसरा खंड १९४६ साली निघाल्यावर विशेषेकरून, या सप्तांगांची चर्चा आपल्या वर्गांतूनही होऊ लागली. तुलना करण्याजोगी आहे. कौटिल्याने तिजोरी व किल्ला यांची गणना केली, शेजारचा मित्रही अंगांतच धरला. हे राज्य चालविणाराचे शास्त्र आहे. त्यात जनपद म्हणजे भूमी व तीवरील प्रजा अशी दोन्ही एकत्र येतात, पण प्रजेने स्वामीस अधिकार दिला आहे, असा विचार त्या गणनेत नाही. 'सार्वभौम' हा शब्दही मूळचा समुद्रवलयांकित पृथ्वीच्या चक्रवर्तीचा. आपण तो घेतला आणि त्याचा अर्थ बदलला. आज लहानसा भूतानही सार्वभौम आहे. पृथ्वी जिंकण्याशी त्या शब्दाचा आता काही संबंध उरला नाही. शब्द जुना व अर्थ नवा असला म्हणजे विद्यार्थ्याची फसगत होते, हे शिक्षकाने ध्यानात ठेवावे. 'राज्य' या शब्दाचीही तीच गत. १ मे १९६० पासून आपण ज्यास महाराष्ट्र राज्य म्हणतो, ते पहिल्या धड्याच्या अर्थाने राज्य नव्हे. ते संघराज्याचे घटक आहे. हा प्रश्न वर्गात टाकून पाहावा. चार अंगे पाठ असणारेही क्षणभर थबकतात.

धड्याचा अर्थ पालटला तो १९४६ ते १९५० या चार वर्षांत. १३ डिसेंबर १९४६ रोजी पंडित नेहरूंनी घटना समितीपुढे उद्दिष्टांचा ठराव मांडला. स्वतंत्र सार्वभौम प्रजासत्ताक आणि सर्व सत्तेचे उगमस्थान जनता, हे त्याचे सार होते. त्याच सुमारास जुना सिद्धांतही शेवटची झुंज देत होता. इंग्रजांचे अधिराज्य संपताच आपण सार्वभौम होऊ, असे निजामाने जून १९४७ मध्ये जाहीर केले. ऑस्टिनचे पुस्तक घेऊन बसले तर त्याच्या युक्तिवादात तर्कदोष काढणे सोपे नव्हते. दोष काढला तो मराठवाडा, तेलंगण व कर्नाटक येथील प्रजेने, आणि सप्टेंबर १९४८ मध्ये त्यावर शेवटचा पडदा पडला. २६ जानेवारी १९५० रोजी हिंदुस्थानच्या विद्यार्थ्याचा चौथा रकाना भरला.

रकाना भरला, धडा संपला, असे अनेकांस वाटले. ते खरे नव्हे. सीली याने १८८३ च्या आपल्या व्याख्यानांत हिंदुस्थान हे राष्ट्र नव्हे, असे म्हटले होते. आणि त्यांच्यात एकराष्ट्रीयत्वाची भावना जागी झाली, तर इंग्रजांचे राज्य टिकणार नाही, हेही कबूल केले होते. त्यातील पहिला भाग आपल्या सुशिक्षितांस झोंबला, दुसरा सुखावून गेला. परंतु त्या बोचऱ्या प्रश्नास आपल्यातूनच कोणी तोंड दिले असेल तर ते डॉ. आंबेडकरांनी. १९१३ ते १९१६ या काळात बर्जेसच्याच कोलंबिया विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले होते. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त दिलेल्या भाषणात त्यांनी बजावले की, हक्कांचे रक्षण कायद्याने होत नाही, समाजाच्या नैतिक जाणिवेने होते. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी अधिक स्पष्टपणे विचारले की, हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होणार? राजकारणात प्रत्येकाच्या मताचे मोल समान आणि समाजात माणसामाणसांचे मोल असमान, हा विरोध फार काळ टिकवून धरल्यास लोकशाहीच धोक्यात येईल, असा त्यांचा इशारा होता. राज्यशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर त्यांनी चौथ्या अंगावरचे बोट उचलून पहिल्यावर ठेवले. लोकसंख्या म्हणजे केवळ डोकी नव्हेत. ती 'लोक' झाली पाहिजे.

पारतंत्र्यातील विद्यार्थ्यास हा धडा टोचत होता, कारण त्यातील एक अंग आपल्यापाशी नाही हे त्यास दिसत होते. आजच्या विद्यार्थ्यास तो टोचत नाही. चारही अंगे त्याच्या वहीत क्रमवार लिहिलेली असतात. प्रत्येकापुढे मार्गदर्शिकेतून उतरलेली दोन-दोन वाक्ये असतात. स्पर्धापरीक्षेतील प्रश्नास तेवढी पुरतात. आम्ही त्यास दोष देत नाही. नोकरीची चिंता ही खोटी चिंता नव्हे, आणि जे विचारले जात नाही ते वाचावे कोणी? दोष असेलच तर तो या धड्याकडे संपलेला हिशेब म्हणून पाहण्याच्या आपल्या सवयीचा आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. १९८९ पासून आपल्याकडे मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले आहे. म्हणजे महाविद्यालयातील पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ज्या सुमारास राज्याची अंगे शिकतो, त्याच सुमारास त्यास सार्वभौमत्वाचा त्याच्या वाट्याचा अंश प्रत्यक्ष हाती मिळतो. असा योग वऱ्हाडातील त्या जुन्या विद्यार्थ्याच्या नशिबी नव्हता. तेव्हा अध्यापकाने पुस्तक मिटून एवढेच विचारावे की, तुझ्या गावातील पाणवठा, देऊळ, स्मशान आणि ग्रामसभा या चार ठिकाणी तुझे गाव एक आहे काय? ज्यास याचे उत्तर द्यावयास वेळ लागेल, त्यास राज्यशास्त्राचा पहिला धडा समजू लागला, असे खुशाल मानावे.