बालीची चित्रकला : देवालयातून गावाकडे

इंडोनेशियातील बाली बेटावरची चित्रकला पूर्वी देवालये व राजवाडे यांच्या आश्रयाने वाढली. क्लुंगकुंगजवळील कामासान गावचे चित्रकार छायानाट्यातील बाहुल्यांच्या धर्तीवर रामायण-महाभारतातील प्रसंग कापडावर रंगवीत. १९०८ साली डचांनी क्लुंगकुंगचे राज्य जिंकले आणि राजाश्रय सरला. पुढे पर्यटक हेच नवे ग्राहक ठरले.

१९२७ मध्ये वॉल्टर स्पीस व १९२९ मध्ये रुडॉल्फ बॉनेट हे युरोपीय चित्रकार बालीत आले. त्या सुमारास उबुद परिसरातील चित्रांत भातखाचरे, बाजार, कोंबड्यांच्या झुंजी यांना स्थान मिळाले. लेगाँग नर्तकींची सोनेरी नक्षीची वस्त्रे आणि फुलांनी सजलेले मुकुटही बारकाईने रेखाटले जाऊ लागले. बातुआनचे चित्रकार मात्र गडद रंगछटांत, काळ्या शाईच्या रेषांनी सारा कागद भरून काढीत.

मागणी वाढली, तसा घाईने केलेल्या कामाचा धोकाही वाढला. दर्जा राखण्यासाठी १९३६ मध्ये उबुद येथे ‘पिता महा’ ही कलावंतांची संघटना स्थापन झाली. उबुदमधील ‘पुरी लुकिसान’ संग्रहालय १९५६ मध्ये खुले झाले. ज्या बाजाराने ही कला जगविली, त्याच्यापासूनच तिला जपण्याचा हा प्रयत्न होता. कामासानची जुनी शैली आजही टिकून आहे.