पोकळ बैलाच्या पोटात

घरटे दिसले की अंडी खिशात घालायची, असा एक काळ इंग्लंडात होता. अंडी जमविणे हा तिथे सभ्य माणसांचा छंद मानला जाई. अंड्याला बारीक भोक पाडून आतला बलक काढायचा आणि रिकामे कवच कापसावर मांडून ठेवायचे. पेटी जितकी भरलेली, तितका तिचा धनी जाणता!

या छंदाला निराळी वाट दाखविली ती यॉर्कशायरमधील थ्वेट या खेड्यातल्या दोघा शेतकरीपुत्रांनी. रिचर्ड आणि चेरी कीअर्टन ही त्यांची नावे. लहानपणी घरटी धुंडाळताना पडून रिचर्डचा पाय जन्माचा अधू झाला होता. पुढे दोघे भाऊ लंडनला एका प्रकाशनसंस्थेत नोकरीस लागले. १८९२ साली चेरीने लंडनच्या उत्तरेस, एनफील्डजवळ, थ्रश पक्ष्याच्या घरट्याचे अंड्यांसह छायाचित्र घेतले. अंडी जिथल्या तिथे राहिली. घरी आले ते फक्त चित्र. १८९५ साली ‘ब्रिटिश बर्ड्‌स नेस्ट्‌स’ हे पुस्तक निघाले. मजकूर रिचर्डचा, छायाचित्रे चेरीची.

घरटे हलत नाही, पण पाखरू भिते. त्यांचा कॅमेरा अवजड, काचेच्या पट्ट्यांचा. तो घेऊन पाखराच्या अगदी जवळ जावे लागे. म्हणून या भावांनी खोटा बुंधा केला, खोटा खडक केला आणि १९०० साली बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून पोकळ बैलच उभा केला. आत माणूस वाकून बसे. एकदा रिचर्डला आत भोवळ आली आणि बैल चारी पाय वर करून आडवा झाला! आपल्याला हसू येते. पण पाखराचा संसार मोडू नये म्हणून माणसाने स्वतःला लपविण्याचा तो खटाटोप होता.

याची आठवण मला उशिरा झाली. गेल्या वर्षी आमच्या ओसरीवरच्या जाईत बुलबुलाने घरटे केले. आत तीन अंडी. मोबाइलवर चित्र नीट यावे म्हणून मी दोन फांद्या सुतळीने बाजूला बांधल्या. चित्र सुरेख आले. फांद्या सोडायच्या मात्र राहून गेल्या. दुसऱ्या दिवशी घरटे रिकामे होते. आडोसा मी उघडा केला होता; कावळ्याने उरलेले काम केले. चित्र वर्गात दाखविले तेव्हा एका मुलीने विचारले, “गुरुजी, पिल्ले कधी निघाली?” मी फळ्याकडे वळलो.

ब्रिटनमध्ये १९५४ च्या कायद्याने बहुतेक वन्य पक्ष्यांची अंडी घेण्यास बंदी झाली. मी तर अंड्याला हातही लावला नव्हता.

यंदा वैशाखात बुलबुल पुन्हा आले. मी खिडकीच्या आत पडदा ओढून, त्याच्या फटीशी खुर्ची टाकून बसत असे. मनासारखे चित्र एकही आले नाही. पिल्ले दोन उडाली. मुलीला तेवढे सांगितले.