शेजारच्या गोठ्याचा त्रास: दुर्गंधी, माश्या आणि त्यावरचे मार्ग

गावठाणात घराला घर लागून असते. दोन म्हशींचा गोठा असतो तोवर कोणाची तक्रार नसते. दूध डेअरीला घालणे सुरू झाले की दोनाच्या सहा-आठ म्हशी होतात, जागा मात्र तेवढीच राहते. उकिरडा रस्त्यापर्यंत सरकतो, पावसात त्याचे पाणी शेजारच्या मोरीत शिरते आणि जेवायच्या ताटावर माश्या बसू लागतात. एका बाजूला आरोग्याचा प्रश्न असतो, तर दुसऱ्या बाजूला एका कुटुंबाचे पोट. दोघांनाही पुढची अनेक वर्षे शेजारीच राहायचे असते. म्हणून आधी त्रासाचे कारण समजून घेणे, मग बोलणे आणि शेवटी कायद्याकडे जाणे, हा क्रम उपयोगी ठरतो.

वास नेमका कशामुळे येतो?

एक मोठे जनावर दिवसाला साधारण १५ किलो शेण टाकते. सहा जनावरांचे रोजचे शेण ९० किलोच्या घरात जाते. पण नाकाला झोंबणारा वास नुसत्या शेणाचा नसतो. मूत्रात युरिया असतो आणि शेणात युरिएझ नावाचे विकर असते. दोन्ही एकत्र मिसळले की अमोनिया वायू तयार होतो. म्हणून मूत्र लगेच वाहून गेले आणि शेण वेगळे उचलले गेले, तर वास बराच कमी होतो.

दुसरा वास सडण्याचा. ओल्या, दाबून बसलेल्या ढिगात हवा शिरत नाही. तिथे हवेविना वाढणारे जीवाणू काम करतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. उकिरडा कोरडा आणि मोकळा राहिला, तर हा वास घटतो.

माश्यांचे गणितही सोपे आहे. उष्ण हवेत घरमाशीचे अंड्यापासून पूर्ण माशी होण्याचे चक्र सात ते दहा दिवसांत पुरे होते. त्याआधी शेण हलवले, पसरून वाळवले किंवा झाकले, तर चक्र तुटते. नुसती फवारणी केली आणि ओले शेण तसेच ठेवले, तर माश्या पुन्हा येतात.

गर्दी कधी म्हणायची?

गोठ्यासाठी सर्वसाधारण मानक असे आहे: गायीला ३.५ चौरस मीटर छताखालची आणि ७ चौरस मीटर मोकळी जागा, म्हशीला ४ आणि ८ चौरस मीटर, तर मोठ्या शेळीला १ आणि २ चौरस मीटर. म्हणजे सहा म्हशींना २४ चौरस मीटर, सुमारे २६० चौरस फूट, छप्पर लागते. यापेक्षा फार कमी जागेत जनावरे कोंबली तर त्यांनाही त्रास होतो. कासदाह, खुरांचे आजार वाढतात आणि दूध घटते. शेजाऱ्याला पटण्याजोगा हाच मुद्दा असतो, कारण त्यात त्याचाही तोटा आहे.

आरोग्याचा धोका

सर्वात मोठी काळजी पाण्याची. उकिरड्याचा निचरा आडात किंवा बोअरमध्ये गेला, तर पाण्यात जीवाणू आणि नायट्रेट वाढू शकते. पाण्याचा नमुना ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत तपासणीसाठी देता येतो. तपासणीचा कागद हातात असला की चर्चा ‘वास येतो की नाही’ या वादात अडकत नाही. कोकणात पावसाळ्यात आढळणारा लेप्टोस्पायरोसिस हा उंदरांच्या तसेच गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो. त्यामुळे साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालणे टाळावे.

आधी बोलणे

बोलण्याची वेळ आणि जागा महत्त्वाची. धारेच्या वेळी, चारचौघांत किंवा भांडण पेटलेले असताना विषय काढू नये. घरातील वडीलधाऱ्याने जाऊन एकच नेमकी अडचण मांडावी. ‘तुमच्या गोठ्याने जगणं मुश्कील केलंय’ असे म्हटले की समोरचा बचावावर येतो. त्याऐवजी ‘तात्या, पावसात उकिरड्याचं पाणी आमच्या मोरीत येतंय. दोघं मिळून एक चर काढूया का?’ असे विचारले, तर काहीतरी हालचाल होते.

मागणी करता येण्याजोगी असावी. ‘जनावरे विका’ ही मागणी कोणी मान्य करत नाही. पुढील गोष्टी मात्र थोड्या खर्चात होतात:

- गोठ्याला दगडी फरशी किंवा कोबा आणि मूत्र वाहून जाण्यासाठी उताराची नाली.
- नालीच्या शेवटी टाकी किंवा शोषखड्डा. तो आड-बोअरपासून किमान ५० फूट दूर असावा.
- रोज दोन वेळा शेण उचलणे आणि जनावरांखाली भुसा, पाचट किंवा भाताचे तूस टाकणे.
- उकिरडा शेताच्या बांधाला हलवणे. ते शक्य नसेल तर भोवती मातीचा बांध घालून पावसाळ्यात ताडपत्रीने झाकणे.

शेण जास्त असेल तर बायोगॅस सोयीचा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते आणि एका कुटुंबाचा स्वयंपाक त्यावर होतो. शेण झाकलेल्या टाकीत जात असल्याने वास आणि माश्या दोन्ही कमी होतात. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी रूढ केलेली ‘नाडेप’ टाकी त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांनी ओळखली जाते. मात्र तिला १०० किलोच्या आसपासच शेण लागते, बाकी काडीकचरा आणि माती असते. त्यामुळे ती एक-दोन जनावरांच्या घराला योग्य, मोठ्या गोठ्याचे शेण तिच्याने संपत नाही.

गोठा, शोषखड्डा, नाडेप टाकी यांना रोजगार हमीतून आणि बायोगॅसला शासकीय योजनांतून मदत मिळत आली आहे. सध्याच्या अटी ग्रामपंचायत कार्यालयात आणि पंचायत समितीत विचाराव्यात. शेजाऱ्याला तक्रारीसोबत अर्जाचा नमुना नेऊन दिला, तर वाटाघाट सोपी होते.

ग्रामपंचायतीकडे अर्ज

बोलून फरक पडला नाही तर लेखी अर्ज द्यावा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार गावाची स्वच्छता आणि उपद्रव रोखणे ही ग्रामपंचायतीच्या कामांत मोडते. उकिरडा सार्वजनिक रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेवर असेल, तर कलम ५३ खाली अतिक्रमण हटवण्याचा अधिकार तिला आहे.

अर्जात त्रास कधीपासून आहे, कोणत्या वेळी होतो, पाणी कुठे येते हे लिहावे. तारखेसह फोटो आणि पाण्याचा अहवाल जोडावा. त्रास होणाऱ्या इतर घरांच्या सह्या घ्याव्यात. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये. स्थळपाहणी करून पंचनामा करावा, अशी मागणी स्पष्ट लिहावी. ग्रामसभेतही विषय मांडता येतो. मात्र ठराव एका घराविरुद्ध नव्हे, तर ‘गावठाणातील सर्व उकिरडे’ अशा स्वरूपाचा असेल, तर भाऊबंदकीचा किंवा गटबाजीचा रंग कमी चढतो.

सरपंच नातेवाईक असल्याने काही होत नसेल, तर गटविकास अधिकाऱ्यांकडे जावे. अर्जाचे काय झाले हे माहिती अधिकारात विचारता येते. त्याचे उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे.

कायदा काय म्हणतो?

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली, जिल्हा दंडाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. गोठेवाल्याला बाजू मांडण्याची संधी मिळते. १९८० च्या रतलाम नगरपालिका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच जुन्या कलमाच्या आधारे, पैसे नाहीत ही सबब स्वच्छतेच्या कर्तव्यातून सुटका देत नाही, असे ठरवले.

हे कलम वस्तीच्या त्रासासाठी आहे. त्रास एकाच घराला असेल, तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकुमासाठी दावा करावा लागतो. त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ खाली सार्वजनिक उपद्रवाला एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हा गुन्हा अदखलपात्र असल्याने पोलीस थेट गुन्हा नोंदवून तपास सुरू करत नाहीत.

‘आमचा गोठा आजोबांपासून आहे’ हे उत्तर सार्वजनिक उपद्रवाच्या बाबतीत पुरेसे ठरत नाही. कितीही वर्षे चालला तरी त्याचा हक्क तयार होत नाही. पण गावात गुरे असणारच, हेही न्यायालय पाहते. शेणाचा साधा वास हा उपद्रव नव्हे. साचलेले मूत्र, दूषित पाणी आणि माश्यांचे आगर हा उपद्रव होय.

काय टाळावे?

जनावरे सोडून देणे, गोठ्याचे पाणी तोडणे, उकिरड्याला आग लावणे किंवा विषारी औषध फवारणे यामुळे तक्रार करणाऱ्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो. जनावरे उपाशी किंवा आखूड दाव्याला सतत बांधलेली दिसली, तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० लागू होतो. त्यासाठी पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना गोठा पाहायला बोलावणे हा त्याहून सौम्य मार्ग आहे. सल्ला जनावरांच्या डॉक्टरांकडून आला, की तो शेजाऱ्याचा टोमणा वाटत नाही.

तडजोड झाली तर ती दोन ओळींत लिहून ठेवावी: शेण कधी उचलायचे, चर कोणी साफ करायचा, उकिरडा कोणत्या महिन्यापर्यंत हलवायचा. पहिला पाऊस पडला की ती पुन्हा एकदा पडताळून पाहावी.