गाईमागे डॉलर: दुष्काळी मदतीची रेष

आज जाऊया 1934 च्या अमेरिकेत. डस्ट बोलचा काळ, चारा संपलेला, पाणी आटलेलं. फेडरल सरकारनं काही काउंट्या आणीबाणीग्रस्त ठरवल्या आणि तिथली गुरं विकत घेतली, जनावरामागे पैसे देऊन. सुरुवातीला हा भाव बाजारापेक्षा जास्तच होता. खाण्यालायक मांस गरिबांना वाटलं. फारच खंगलेली जनावरं मारून टाकली.

आता सरकार चाऱ्याच्या नुकसानीचे पैसे देतं. ही योजना 2008 च्या फार्म बिलात आली, 2014 मध्ये कायम झाली. मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे तिचा नियम मला लगेच कळला: सरळ इफ-एल्स! दर गुरुवारी दुष्काळाचा नकाशा येतो. 2014 च्या नियमानुसार, चराईच्या हंगामात काउंटीत कुठंही डी2, म्हणजे तीव्र दुष्काळ, सलग 8 आठवडे टिकला की एका महिन्याचे पैसे मिळायचे. सातव्या आठवड्यानंतर रंग फिका पडला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून व्हायची.

यात कुणाच्या ओळखीपाळखीला फारशी जागा नाही, हे चांगलंच. पण कुंपणापलीकडे दुसरी काउंटी असेल, तर गवत तितकंच वाळूनही शेजाऱ्याला काहीच मिळत नाही, असं होऊ शकतं. 1934 मध्येही रेष काउंटीचीच होती. नव्वद वर्षांत नकाशा बदलला, रेष तीच राहिली.