पाणी ओलांडणाऱ्या वीजवाहिन्या

रुंद नदी किंवा सामुद्रधुनी ओलांडताना वीजवाहिनीला मधे आधार मिळत नाही. तार कितीही ताणली तरी स्वतःच्या वजनाने तिला झोळ पडतो. ताण तोच ठेवून दोन मनोऱ्यांमधला गाळा दुप्पट केला, तर झोळ जवळपास चौपट होतो. त्या झोळाखालून जहाजेही सुखरूप गेली पाहिजेत. म्हणून उंच काठ शोधणे किंवा उंच मनोरे बांधणे, हे दोनच मार्ग उरतात.

कॅलिफोर्नियातील कार्किनेझ सामुद्रधुनीवर 1901 मध्ये पहिला मार्ग वापरला गेला. युबा नदीवरच्या कोलगेट केंद्राची वीज ओकलंडला न्यायची होती. दोन्ही काठांवरच्या टेकड्यांचा आधार घेऊन सुमारे 1,350 मीटरचा गाळा पार केला गेला. एवढा ताण तांब्याला पेलला नसता, म्हणून तिथे पोलादी दोर वापरले.

सपाट काठांवर मात्र मनोऱ्यांनाच उंची द्यावी लागली. रशियात द्झेर्झिन्स्कजवळ ओका नदीकाठी अभियंता व्लादिमीर शुखोव यांनी 1929 पर्यंत 128 मीटर उंचीचे जाळीदार मनोरे उभारले. सरळ पोलादी पट्ट्या तिरक्या जोडून साधलेल्या त्यांच्या वक्र आकारामुळे कमी पोलादात मोठी मजबुती मिळाली.

सर्वांत धाडसी काम इटलीत झाले. सिसिली बेट आणि कॅलाब्रिया यांच्यामधल्या मेसिना सामुद्रधुनीवर 1950 च्या दशकात 3,646 मीटरचा गाळा साधला गेला. सिसिलीच्या बाजूचा, तोर्रे फारो येथील मनोरा पायथ्यासह 232 मीटर उंच आहे. मनोरे तारांचे वजन पेलत; आडवा ताण मात्र त्यांच्यामागे काही अंतरावर बांधलेले भक्कम आधार घेत. वारा आणि भूकंप या दोन्हींचा विचार या बांधकामात करावा लागला. 1985 मध्ये समुद्राखालून केबल टाकली गेली आणि 1994 पर्यंत वरच्या तारांचा वापर संपला. मनोरे मात्र अजून उभे आहेत.

समुद्राखालची केबल महाग पडते, तिची दुरुस्ती अवघड असते आणि प्रत्यावर्ती विजेसाठी तिच्या लांबीला मर्यादा येते. त्यामुळे उंच मनोऱ्यांची गरज संपलेली नाही. चीनच्या झोउशान द्वीपसमूहात जिंतांग आणि त्सझी या बेटांदरम्यान 2,656 मीटरच्या गाळ्यासाठी 380 मीटर उंचीचे मनोरे उभारले गेले. ती वाहिनी 2019 मध्ये कार्यान्वित झाली.